बाळदमा आणि पंपाचे भय



मराठी भाषेने 'दम' ह्या एका लहानशा शब्दावर केवढा भार टाकला आहे, पाहा. आपण दम धरतो, दम देतो, दम घेतो. एखाद्याच्या बोलण्यात दम असतो, एखाद्याच्या नसतो. घाईच्या माणसाला आपण दमाने घ्यावयास सांगतो. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ श्वास. आणि ज्या व्याधीत नेमका श्वासच अपुरा पडतो तिलाही आपण 'दमा' हेच नाव दिले. लहान मुलाच्या छातीत सुईं सुईं वाजू लागले, म्हणजे त्यालाच आपल्याकडील वडीलधारी माणसे मायेने 'बाळदमा' म्हणतात. उत्तरेकडे वास्तव्य असलेल्या श्रोत्यांनी 'दमा दम के साथ' ही तिकडील म्हणही ऐकली असेल. दमा जावयाचा तो प्राणाबरोबरच, असा तिचा निष्ठुर अर्थ. माझ्या मते ह्या एका म्हणीने घरोघरच्या आईबापांची जेवढी झोप उडवली आहे, तेवढी प्रत्यक्ष व्याधीनेही उडवली नसेल. तेव्हा आज ह्या भयाविषयीच थोडे बोलावे असे मनात आहे.

मी वैद्य नव्हे. माझा जन्म सरकारी कागद चाळण्यात चालला आहे. परंतु माझी कन्या अडीच वर्षांची असताना तिची छाती वाजू लागली आणि तेव्हापासून ह्या विषयाचे कागदही मी, पित्याच्या नात्याने, चाळत आलो. जे वाचले, बालरोगतज्ज्ञांना विचारून पारखून घेतले आणि घरात रोज वापरून पाहिले, तेवढेच आपल्यापुढे मांडतो.

प्रथम ही शिट्टी वाजते का, ते पाहू. आपल्या फुप्फुसांतील श्वासनलिका झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जातात आणि लहान मुलाच्या ठायी त्या मुळातच अरुंद असतात. सर्दीच्या विषाणूने त्यांचे अस्तर सुजले, आत चिकट कफ साचला आणि भोवतीचे स्नायू आवळले, म्हणजे हवेची वाट आणखी बारीक होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तिच्यातून जाणाऱ्या संथ प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट वाढतो. हा हिशेब पदार्थविज्ञानाचा आहे. मोठ्या माणसाला ज्या सर्दीने चार दिवस नुसते नाक पुसावे लागते, तीच सर्दी तान्ह्या मुलाला धाप का लावते, ह्याचे उत्तर ह्या सोळापटीत आहे. त्यात बाळाचा काही दोष नाही आणि त्याला केळे किंवा दही देणाऱ्या आईचाही नाही.

आता त्या म्हणीचा समाचार घेऊ. अमेरिकेत ॲरिझोना संस्थानातील टूसॉन येथे १९८० पासून जन्मलेल्या बालकांचा एक मोठा गट निवडून वर्षानुवर्षे त्यांची पाहणी करण्यात आली. तिचे जे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले, ते मोठे दिलासा देणारे आहेत. सहा वर्षांची होईपर्यंत सुमारे निम्म्या मुलांची छाती कधी ना कधी वाजली होती. परंतु तीन वर्षांच्या आत ज्यांची छाती वाजली त्यांतील बहुसंख्य मुलांचा, म्हणजे शंभरांतील सुमारे साठांचा, हा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबलेला आढळला. म्हणजे लहानपणी वाजणारी प्रत्येक छाती पुढे दमेकरी होत नाही. आई किंवा वडील दमेकरी असतील, मुलाच्या अंगावर इसब असेल, सर्दी नसतानाही हसताना, धावताना, रात्री झोपेत खोकला व धाप येत असेल, तर मात्र तो खरा दमा असण्याचा संभव अधिक. म्हणूनच शहाणा डॉक्टर लहान मुलाच्या माथ्यावर पहिल्याच भेटीत कायमचा शिक्का मारीत नाही. आणि तो मारीत नाही म्हणून त्याला काही कळत नाही, असे आपण समजू नये.

आपल्या पूर्वजांनाही हा भेद अगदीच अज्ञात नव्हता. चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. त्यांतील तमक श्वास म्हणजे आपला दमा. ढगाळ हवा, थंडी आणि पूर्वेचा वारा ह्यांनी तो वाढतो आणि रोग्याला बसून राहिल्याने आराम वाटतो, हे त्याचे निरीक्षण आजही कोणत्याही दमेकऱ्याच्या घरी खरे ठरेल. ह्या तमक श्वासाला तो 'याप्य' म्हणतो. याप्य म्हणजे समूळ न गेला तरी सततच्या उपचाराने काबूत राहणारा. आणि नुकताच उद्भवलेला असेल तर तो साध्यही होऊ शकतो, असेही तो म्हणून ठेवतो. 'दमा दम के साथ' म्हणणाऱ्यांपेक्षा हा प्राचीन वैद्य किती आशावादी होता!

औषध श्वासावाटे घ्यावे ही कल्पनाही परकी नाही. धोतऱ्याच्या धुराने धाप उतरते हे आपल्या देशात पूर्वीपासून ठाऊक होते आणि १८०२ च्या सुमारास ही माहिती मद्रासेहून इंग्लंडात गेली. पुढे शंभराहून अधिक वर्षे दम्यासाठी धोतऱ्याच्या विड्या तिकडे विकल्या जात होत्या. धोतरा विषारी, त्याचा नाद आज कोणी करू नये. परंतु जेथे दुखणे तेथेच औषध पोहोचवावे, हे त्यामागचे तत्त्व खरे होते. आजचा पंप निघाला त्याची कथा तर एका मुलीच्या प्रश्नाची कथा आहे. १९५५ साली अमेरिकेतील रायकर ह्या औषधे करणाऱ्या संस्थेचे प्रमुख जॉर्ज मेसन ह्यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी कन्येने वडिलांना विचारले की, केसांवर मारण्याच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नसावे? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आले आणि १९७२ मध्ये श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड. आज आपल्या बाळाच्या नाकातोंडावर आपण जे धरतो, त्याच्या मागे एवढी परंपरा उभी आहे.

असे असता पंपाचे भय का? दिल्लीस आमच्याकडे पहिल्यांदा पंप आला तेव्हा माझ्या मातोश्री एकदम गप्प झाल्या. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे, एवढ्याशा जिवाला आत्ताच पंप? मग पुढे काय उरेल?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामा, दमेकरी होते. साताऱ्याकडच्या खेड्यात त्यांनी कित्येक रात्री उशीला टेकून बसून काढल्या. गोळ्या झाल्या, काढे झाले, छातीवर बिब्बा झाला. आणि अगदी शेवटल्या वर्षी, शहरातील डॉक्टरांनी दिला म्हणून, पंप आला. घरात पंप आला आणि वर्षाच्या आत भाऊ गेला, एवढेच त्या बहिणीने पाहिले. पंप उशिरा आला म्हणून माणूस गेले, की पंप आला म्हणून गेले, हा विवेक शोकात कोणाला सुचतो? आपल्याकडे पंपाला जी 'शेवटचा उपाय' ही अपकीर्ती मिळाली, ती बहुधा अशाच घरांतून मिळाली असावी. तो शेवटी आणला गेला, म्हणून तो शेवटचा ठरला.

ह्या भयाला उत्तर द्यावयाचे ते आकड्यांनीच. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत किंवा चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर, औषधात साधारणतः दोन मिलिग्रॅम, अर्थात दोन हजार मायक्रोग्रॅम द्रव्य असते. पंपाच्या एका फवाऱ्यात असते शंभर मायक्रोग्रॅम. म्हणजे जे गोड औषध आपण निर्धास्तपणे पाजतो, त्याच्या एका चमच्यात वीस फवाऱ्यांइतके द्रव्य आहे. ते पोटातून रक्तात, रक्तातून साऱ्या देहात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि फुप्फुसाच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. माझ्या खात्याच्या भाषेत सांगावयाचे, तर दुष्काळ एका तालुक्यात असताना साऱ्या राज्याला धान्य वाटण्यासारखे हे आहे. पंप ते धान्य थेट त्या तालुक्यात नेतो. तेव्हा 'मोठे औषध' कोणते आणि 'लहान' कोणते, हे आपणच ठरवावे.

ह्या औषधांचे दोन प्रकार आहेत आणि सर्वांत अधिक घोटाळा होतो तो येथेच. एक औषध तत्काळ आराम देणारे. ते आवळलेले स्नायू सैल करते, काही मिनिटांत धाप उतरते. परंतु काही तासांनी त्याचा अंमल संपतो. दुसरे रोखणारे, सौम्य मात्रेतील स्टेरॉइड, जे अस्तराची सूज हळूहळू कमी करते. महाराष्ट्रातील श्रोत्यांना टँकर आणि बंधारा ह्यांतील फरक सांगावयास नको. टँकर आला की त्या दिवसाची तहान भागते, पण विहिरीला पाणी लागत नाही. बंधारा बांधल्या दिवशी कोणाचा घसा ओला करीत नाही. त्याचे फळ पुढे दिसते. बंधारा बांधून दुसऱ्या दिवशी 'पाणी कोठे आहे?' असे विचारणारा जसा निराश होतो, तसेच चार दिवसांत गुण नाही म्हणून रोखणारे औषध बंद करणारे आईबाप निराश होतात. उलट, मुलाला बरे वाटू लागले म्हणून ते परस्पर थांबवणारेही पुष्कळ. मुलाला बरे वाटते ते ह्या औषधामुळेच, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. प्रत्येक वाजणाऱ्या छातीला हे दुसरे औषध लागते असे नाही. वरचेवर किंवा जोराचा त्रास होणाऱ्या मुलालाच डॉक्टर ते देतात, सुमारे तीन महिन्यांनी आढावा घेतात आणि जमेल तशी मात्रा उतरवतात.

स्टेरॉइड हा शब्द ऐकताच अनेकांच्या पोटात गोळा येतो. सत्य लपवण्यात अर्थ नाही. पाच ते तेरा वर्षांच्या वयात चालू केलेले असे औषध काही वर्षे रोज घेतलेल्या मुलांची प्रौढ उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली, असे एका दीर्घ अमेरिकन अभ्यासात २०१२ साली दिसून आले. दुसऱ्या बाजूस वारंवार गुदमरणारे, रात्र रात्र न झोपणारे, खेळास मुकलेले मूल ठेवा आणि तराजू आपणच धरा. हेही सांगितले पाहिजे की, हे औषध त्रास आवरते, प्रकृती पालटून टाकीत नाही. लहान मुलांना दोन वर्षे ते देऊन पाहिले असता, चालू असेपर्यंत त्रास कमी राहिला. बंद केल्यावर तो फरक टिकला नाही, असे २००६ सालच्या एका अभ्यासात आढळले. चरकाचा 'याप्य' हा शब्द येथे पुन्हा आठवतो. आणि सवय लागण्याची जी भीती, तिला आधार नाही. ज्याला दूर पाहण्यासाठी चष्मा लागतो, त्याला चष्म्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. फवारा दाबणे आणि त्याच क्षणी श्वास ओढणे, हे लहान मुलाला साधत नाही. म्हणून पंप आणि मूल ह्यांच्यामध्ये एक पोकळ नळकांडे लागते. त्यास स्पेसर म्हणतात. चार-पाच वर्षांखालील मुलाला त्याच्या टोकास मास्कही लागतो. मुलाला मांडीवर ताठ बसवावे. पंप चांगला हलवून स्पेसरला लावावा. मास्क नाक आणि तोंड ह्यांवर असा टेकवावा की कडेला फट राहू नये. कारण फट राहिली तर औषध खोलीला मिळते, मुलाला नाही. एकच फवारा दाबावा आणि मुलाला पाच-सहा श्वास संथपणे घेऊ द्यावेत. दुसरा फवारा द्यावयाचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून द्यावा. दोन फवारे एकदम मारून वेळ वाचत नाही, औषध वाया जाते. स्टेरॉइडनंतर तोंड पुसावे आणि चूळ भरावयास लावावी किंवा पाणी पाजावे. महिन्यातून एकदा स्पेसर भांडी घासण्याच्या सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून धुवावा आणि न पुसता सुकू द्यावा; फडक्याने घासल्यास आत विद्युत्‌भार निर्माण होऊन औषध भिंतींना चिकटते.

रडणाऱ्या मुलाला दिलेले औषध फुप्फुसात फारसे पोहोचत नाही. म्हणून जबरदस्तीने धरून काम उरकण्यात लाभ नाही. आमच्या घरी हा प्रश्न मातोश्रींनीच सोडवला. सहा श्वास मोजण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले. आधी बाहुलीला मास्क लागे, मग आजीला, मग नातीला. आणि आजी उजळणी म्हटल्यासारखे मोठ्याने आकडे मोजी. पंपाला सर्वांत अधिक भ्यालेल्या माणसाच्या हाती तो दिला, तेव्हाच त्याचे भय गेले.

पुष्कळांचा समज असा की, दवाखान्यातील यंत्राची वाफ अधिक जोरकस. सौम्य आणि मध्यम त्रासात पंप व स्पेसर हे त्या यंत्राइतकेच काम करतात, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. शिवाय त्यांना वीज लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे तर पाचशे मिलिलिटरच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडून, पंपाचे तोंड त्यात घट्ट बसवून, ती मोठ्या मुलांना स्पेसर म्हणून दिली. आणि ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. भारतातही साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही श्वासावाटे घ्यावयाची औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. प्रश्न आता औषध नसण्याचा फारसा राहिलेला नाही. ते वेळेवर आणि योग्य रीतीने मुलाच्या छातीत पोहोचण्याचा आहे.

औषधाइतकेच महत्त्व हवेला आहे. विडी-सिगरेटचा धूर, चुलीचा धूर, डासांची कॉइल, कोंडलेल्या खोलीतील उदबत्ती, दिवाळीतील फटाके आणि उत्तरेतील थंडीचे धुके ह्या सर्वांनी मुलाची छाती चिडते. देवापुढे निरांजन लावून उदबत्ती अंगणात लावली, तर देव रागावणार नाही. विषाणूच्या सर्दीवर प्रतिजैविके चालत नाहीत. ती मागून घेऊ नयेत. आणि छातीवर बिब्बा घालणे किंवा पोटावर डाग देणे हे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. धापेवर उपाय म्हणून तान्ह्या मुलांना डागल्याच्या बातम्या मध्यप्रदेशातील शहडोल जिल्ह्यातून २०२३ सालीही आल्या आणि त्यांतील काही मुले वाचली नाहीत.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे, घरी थांबू नये असे प्रसंग कोणते. श्वास घेताना बरगड्यांमधील किंवा गळ्याखालील त्वचा आत ओढली जात असेल. मूल बोलू, पिऊ किंवा खाऊ शकत नसेल. ओठ निळसर दिसत असतील. ते मलूल किंवा गुंगीत असेल. आराम देणाऱ्या औषधाने उतार पडत नसेल किंवा पडलेला उतार चार तासही टिकत नसेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. वाटेत डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे फवारे चालू ठेवावेत. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस वा अधिक आणि दोन महिन्यांनंतरच्या तान्ह्यात पन्नास वा अधिक भरले, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. एक वर्षाच्या आतील मुलाची धाप घरच्या अनुभवावर सोपवू नये. आणि धडधाकट मूल शेंगदाणा, चिंचोका किंवा सीताफळाची बी तोंडात असताना एकाएकी ठसकून मग छाती वाजू लागली, तर तो बाळदमा नव्हे. ती वस्तू श्वासनलिकेत अडकलेली असू शकते. तेथे पंपाचा उपयोग नाही, रुग्णालयाचाच आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच की, कोणते औषध केव्हा, किती फवारे आणि कोणत्या खुणेला निघावयाचे, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावे. एक प्रत घरात भिंतीवर लावावी, एक बालवाडीच्या बाईंना द्यावी. मुलगी आहे, उद्या बोभाटा होईल, म्हणून पंप कपाटात लपवणारी घरे मी पाहिली आहेत. लपवलेला पंप मध्यरात्री सापडत नाही. रात्री दोन वाजता मूल धापा टाकीत उठते, तेव्हा घरात कोणाचीच बुद्धी ठिकाणावर नसते. त्या घटकेला भिंतीवरचा कागद शांत असतो. आपण तो वाचावा, मुलाला ताठ बसवावे आणि दमाने घ्यावे.